सर्व ऋतूंसाठी एकच कापडी टूरिंग जॅकेट: निवडताना आधी काय पाहावे?

लांबपल्ला

नमस्कार. सलग आठ-दहा दिवस, रोज चारशे ते पाचशे किलोमीटर अशा मोटारसायकल प्रवासासाठी मला कापडी जॅकेट घ्यायचे आहे. आजवर मी चामड्याचे जॅकेट वापरत आलो. पडल्यावर ते कामी येईल याबद्दल मला शंका नाही, परंतु पहाटे त्यात थंडी वाजते, दुपारी जीव उकडतो आणि एकदा भिजले की ते वाळायला दोन दिवस लागतात. दोन आठवडे शोध घेतल्यावर माझ्यापुढे तीन पर्याय उरले आहेत. पहिल्यात जलरोधक आणि गरम अशी दोन अस्तरे आतून चेनने लावायची असतात. दुसऱ्यात बाहेरच्या कापडालाच जलरोधक पडदा चिकटवलेला असतो, म्हणजे ते लॅमिनेट जॅकेट. तिसरा पर्याय जाळीदार जॅकेटाचा आहे आणि त्यावर पावसाळी सूट वेगळा घ्यावा लागेल. विक्रेते तिन्हींबद्दल 'सीई प्रमाणित आहे' (सीई म्हणजे युरोपीय नियमांना धरून असल्याची खूण) एवढेच सांगतात, मात्र एकाच्या लेबलावर 'ए' आहे, दुसऱ्याच्या लेबलावर 'एए' आहे आणि सुट्या अस्तरांच्या जॅकेटावर मला असे अक्षरच सापडले नाही. या अक्षरांना किती महत्त्व द्यावे, आणि वर्षभर एकाच जॅकेटावर निभावेल ही अपेक्षा मुळात रास्त आहे का?

साक्षेपी

'सीई प्रमाणित' या दोन शब्दांनी जेवढे सांगितले जाते त्याहून अधिक झाकले जाते, म्हणून अक्षर नसलेल्या जॅकेटापासूनच सुरुवात करतो. जॅकेटातले पॅड आणि जॅकेट स्वतः या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची मानकेही वेगळी आहेत. खांद्याच्या व कोपराच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे, पाठीच्या पॅडसाठी ईएन १६२१-२ आणि छातीच्या पॅडसाठी ईएन १६२१-३. संपूर्ण कपड्यासाठी, म्हणजे कापड किती घासले जाते, किती फाटते आणि शिवण किती ताण सोसते यासाठी, २०२० सालचे ईएन १७०९२ हे मानक आहे. केवळ पॅडवर शिक्का असलेले जॅकेटसुद्धा 'सीई' म्हणून विकले जाते, आणि ते शब्दशः खोटे नसले तरी त्यातून कापडाबद्दल काहीही कळत नाही. आतल्या बाजूला शिवलेल्या लेबलावर मोटारसायकलस्वाराचे चित्र, त्याच्याजवळ वर्गाचे अक्षर आणि मानकाचा क्रमांक असायला हवा. तो नसेल तर त्या जॅकेटाचे कापड तपासले गेले आहे असे गृहीत धरू नका.

ईएन १७०९२ मध्ये एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. बी वर्गात कापडाची परीक्षा होते, पण पॅड नसतात. सी वर्ग याच्या उलट आहे. त्यात पॅड जागेवर धरून ठेवणारा अंगरखा येतो आणि तो दुसऱ्या संरक्षक कपड्याच्या जोडीनेच वापरायचा असतो. तुमच्या कामाचे वर्ग वरचे तीन. प्रयोगशाळेत कापडाचे तुकडे फिरत्या यंत्रावर बसवून वेगाने गरगर फिरवतात आणि काँक्रीटच्या पृष्ठावर सोडतात. खांदा, कोपर अशा सर्वाधिक घासल्या जाणाऱ्या भागांसाठी हा आरंभीचा वेग एएए वर्गात ताशी १२० किलोमीटर, एए वर्गात ७० आणि ए वर्गात ४५ इतका असतो. मात्र या आकड्यांचा अर्थ 'एए घातले की ताशी ७० ला पडलो तरी चालेल' असा कोणी घेऊ नये. ती कापडाच्या तुकड्याची चाचणी आहे, आणि खऱ्या अपघातात तुमचे वजन, रस्त्याचा पोत आणि वाटेत आडवे येणारे दगडधोंडे यांचा हिशेब निराळाच असतो. वर्गांची आपापसांत तुलना करण्यासाठी मात्र ते उत्तम आहेत.

दुहेरी टीप

शिवणकाम हा माझा व्यवसाय आहे आणि दुरुस्तीला येणारी रायडिंग जॅकेटे मी बरीच उसवून पाहिली आहेत. साक्षेपी यांनी सांगितलेल्या लेबलाला पूरक म्हणून कापडाबद्दल थोडे लिहितो.

जाहिरातीत '६०० डेनियर' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन, म्हणजेच ते सुताच्या जाडीचे माप आहे, मजबुतीचे नव्हे. ६०० डेनियरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा ५०० डेनियरचे चांगल्या प्रतीचे नायलॉन घर्षणात सहसा अधिक टिकते, तरीही आकड्यांकडे पाहणारा ग्राहक पहिलेच उचलतो. दुसरी गोष्ट उष्णतेची. घसरताना कापड झिजते आणि तापतेही. नायलॉन व पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. पॅरा-अ‍ॅरामिड, म्हणजे १९६५ साली स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून पुढे आलेला केव्हलार ज्या कुळातला आहे ते तंतू, वितळतच नाहीत. बऱ्याच वरच्या तापमानाला त्यांचे थेट विघटन होते. उन्हाने मात्र हे तंतू कमकुवत होतात, म्हणून ते बाहेरच्या कापडाखाली झाकलेले असणेच बरे. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलिनचे तंतू, ज्यांना बाजारात डायनीमा म्हणून ओळखतात, ताणाला विलक्षण चिवट असतात, पण साधारण १५० अंशांच्या आतच वितळतात. त्यामुळे 'पोलादापेक्षा मजबूत' या वाक्यावर भाळण्याआधी तो तंतू कशात, किती आणि कोणत्या विणीत मिसळला आहे हे विचारावे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. चांगले कापड घासून आरपार जाण्याआधीच अनेकदा शिवण उसवते, आणि शिवण उसवली की त्या कापडाचा वर्ग कोणता होता याला काही अर्थ उरत नाही. ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांचे कपडे तपासणारा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ३० टक्के जॅकेटे अपघातात टिकली नव्हती. (त्याच अभ्यासात संरक्षक जॅकेट घालणाऱ्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली असेही दिसले, म्हणून घाबरून जॅकेटच घालायचे नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये.) दुकानात जॅकेट उलटे करा. खांद्याची आणि बाहीच्या मागची शिवण पाहा. तिथे एकच उघडी टीप दिसली तर ते जॅकेट खाली ठेवा. कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून त्यावर दोन समांतर टिपा मारलेल्या असतील, किंवा बाहेरून दिसणाऱ्या टिपांच्या आत आणखी एक झाकलेली टीप असेल, तर बाहेरचा दोरा घासला गेला तरी आतला धरून ठेवतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून जोरात ताणा. टाके दात विचकल्यासारखे दिसू लागले तर ती शिवण सैल आहे. कोपराच्या ऐन टोकावरून शिवण जात असेल तर ती मला कधीच पटत नाही, मग जॅकेट कितीही नावाजलेले असो.

लांबपल्ला

दोघांचेही आभार. मग सरळ एएए घेऊन मोकळे व्हावे, असे का नाही?

साक्षेपी

घेता आले तर जरूर घ्या, पण एएए वर्गाचे कापडी जॅकेट जाड, जड आणि बहुधा गरम असते, आणि दुपारी चेन उघडी टाकून चालवलेले एएए हे चेन लावलेल्या ए वर्गापेक्षाही वाईट. निवड तुमच्या नेहमीच्या वेगावर ठरवा. सोपा हिशेब सांगतो. घर्षणांक ०.६५ धरला तर ताशी ५० किलोमीटर वेगाने घसरू लागलेले शरीर सुमारे १५ मीटरवर, साधारण सव्वादोन सेकंदांत थांबेल. वेग ताशी १०० झाला की वेळ दुप्पट होतो, अंतर मात्र चौपट म्हणजे ६० मीटरच्या घरात जाते. तुम्ही दिवसाला पाचशे किलोमीटर म्हणता, म्हणजे मोठा भाग महामार्गावरचा असणार. त्या वापरासाठी एए ही मी किमान मर्यादा मानतो. ए वर्ग शहरातल्या वापरासाठी ठीक.

वर्गाच्या पलीकडे जाऊन पाहायचे असेल तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील सरकारी संस्थांच्या सहभागाने २०१८ पासून चालणारा मोटोकॅप हा उपक्रम पाहावा. ते दुकानातून कपडे गुपचूप विकत घेऊन तपासतात, आणि संरक्षणाचे गुण वेगळे व उष्णतेतल्या सोयीचे गुण वेगळे देतात. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

ओला रस्ता

पावसाबद्दल मी लिहितो, कारण सुट्या आतल्या अस्तराचे जॅकेट घेण्याची चूक मी एकदा केली आहे.

अशा जॅकेटात पाणी अडवणारा पडदा सर्वांत आत असतो. म्हणजे बाहेरचे कापड, पॅड, खिसे, सगळे आधी भिजते आणि मग पाणी तुमच्यापाशी येऊन अडते. तासाभरात जॅकेट ओल्या गोधडीसारखे लोंबू लागते, वाऱ्याने ते पाणी उडताना अंगातली ऊब ओढून नेते, खिशातल्या कागदांचा लगदा होतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर हे सगळे रात्रीत वाळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओले जॅकेट अंगात घालण्यासारखी शिक्षा नाही. शिवाय पाऊस सुरू झाला की ते अस्तर लावण्यासाठी रस्त्याकडेला जॅकेट काढावे लागते, म्हणजे नेमक्या पावसात तुम्ही विनाजॅकेट उभे. त्यामुळे बहुतेक लोक ते अस्तर कायम लावूनच ठेवतात, आणि मग हवेच्या चेन उघडल्या तरी आतल्या पडद्यामुळे वारा अंगापर्यंत पोहोचतच नाही.

लॅमिनेटमध्ये पडदा बाहेरच्या कापडालाच मागून चिकटवलेला असतो. पाणी पृष्ठावरच अडते, कापड फारसे पाणी पीत नाही, आणि छातीवरची चेन उघडली की वारा थेट आत येतो. १९६९ साली बॉब गोर यांनी ताणलेल्या टेफ्लॉनचा जो सच्छिद्र पडदा शोधला, त्याच तत्त्वावर यातले अनेक पडदे काम करतात: छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेला मोकळी. इथे एक गैरसमज दूर करतो. पडदा श्वास घेतो याचा अर्थ तो वारा देतो असा नाही. तो केवळ घामाची वाफ हळूहळू बाहेर सोडतो, आणि तीही बाहेरचे कापड कोरडे असेल तरच. कापडावरचा पाणी झटकणारा लेप निघून गेला की वरचा थर ओला राहतो, वाफेची वाट बंद होते, घाम आतच साचतो आणि माणूस म्हणतो की जॅकेट गळते आहे. अशा वेळी पडदा बहुधा धडधाकट असतो. लेपाची फेरभरणी करायची गरज असते.

मागची सीट

वरच्या प्रतिसादातील आतल्या अस्तराबद्दलच्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. मी चालवतेही आणि पुष्कळदा मागेही बसते. मागे बसणाऱ्याला समोरून वारा जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे लॅमिनेटच्या छातीवर कितीही चेन असल्या तरी माझ्या दृष्टीने ते बंद खोकेच. लांबच्या प्रवासात उन्हाचे तास पावसाच्या तासांपेक्षा कितीतरी अधिक असतात. अधिक तासांसाठी जॅकेट निवडावे आणि कमी तासांसाठी पिशवीत पावसाळी सूट ठेवावा, हा हिशेब मला सरळ वाटतो. पाणी सर्वांत बाहेर अडावे हे तुमचेच तत्त्व. मग पावसाळी सूटपेक्षा बाहेर काय असते?

जाळीबद्दलही मात्र एक सावधगिरी हवी. संपूर्ण जाळीचे जॅकेट घर्षणात कमी पडते, म्हणून खांदे, कोपर आणि बाहीची बाहेरची बाजू सलग मजबूत कापडाची आणि जाळी केवळ छाती, बगल व पाठीच्या मधल्या भागात, असे मिश्र जॅकेट शोधावे. त्यातही एए वर्ग मिळतो. दुसरे असे की हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेले की जाळीतून येणारा वारा थंड करण्याऐवजी भाजू लागतो. तेव्हा आतला बनियन भिजवून घालावा आणि हवेच्या वाटा थोड्या कमी कराव्यात; कोरड्या हवेत याने खूप फरक पडतो, दमट हवेत फारसा नाही.

जाता जाता: महिलांसाठी म्हणून विकली जाणारी काही जॅकेटे म्हणजे पुरुषांच्या मापाला कंबरेत दिलेली एक चिमटी असते. त्यात खांद्याचे पॅड दंडावर उतरतात. लेबल कुठलेही असो, पॅड कुठे बसतात ते पाहूनच घ्यावे.

ओला रस्ता

पिशवीतला पावसाळी सूट घालण्यासाठीही थांबावेच लागते, आणि 'थोडे पुढे जाऊन घालू' असे म्हणता म्हणता आपण भिजलेलो असतो. सूट घट्ट असेल तर पॅडवरून चढत नाही, सैल असेल तर वाऱ्याने फडफडून मान दुखवतो. शिवाय तो काळा असेल तर जॅकेटावरचे सगळे परावर्तक पट्टे त्याखाली झाकले जातात, तेही ज्या वेळी दिसण्याची सर्वाधिक गरज असते त्या वेळी. हे मान्य करतो की उन्हाळी प्रदेशातल्या प्रवासाला लॅमिनेट जाचक आहे.

टाचणी

सगळी चर्चा वाचली. माझ्या मते एक गोष्ट या सगळ्याच्या आधी यायला हवी होती.

काही वर्षांपूर्वी ओल्या वळणावर माझे पुढचे चाक निसटले. वेग फार नव्हता, ताशी तीस-पस्तीस असेल. जॅकेट चांगले होते, कापडाला साधे भोकही पडले नाही, शिवण शाबूत राहिली, कोपराचे पॅड लेव्हल २ चे, म्हणजे अधिक आघात शोषणारे होते. तरीही माझे कोपर सोलले गेले आणि हाडाला मार बसला, कारण बाही सैल होती आणि जमिनीला टेकताक्षणी पॅड फिरून हाताच्या आतल्या बाजूला गेले. म्हणजे प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले पॅड माझ्या कोपरावर नव्हतेच. आत थंडीसाठी स्वेटर मावावा म्हणून मी हौसेने एक माप मोठे घेतले होते.

म्हणून जॅकेट आरशासमोर उभे राहून घेऊ नये. शक्य असेल तर आपल्या मोटारसायकलवर, नाहीतर तशाच बैठकीच्या दुसऱ्या गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून पाहावे. बाही मनगटापर्यंत यायला हवी, पाठ उघडी पडता कामा नये, आणि हेल्मेट घालून मान दोन्हीकडे वळवली तर कॉलर टोचता कामा नये. मग दुसऱ्या माणसाला कोपराचे पॅड बाहेरून धरून फिरवायला सांगावे. बोटभर हलले तर चालेल. कोपर सोडून गेले तर ते जॅकेट तुमचे नव्हे, किंवा दंडावरचे आणि मनगटाजवळचे आवळपट्टे वापरून पुन्हा पाहावे. अनेक जॅकेटांत पॅडच्या खिशाची उंची वेल्क्रोने वरखाली करता येते. ती सोय बहुतेकांना ठाऊकच नसते. थंडीचे कपडे आतून घालणार असाल तर तेच घालून मापाला जावे. आणि दहा मिनिटे तरी तसेच बसून राहावे, कारण काखेत काचणारी शिवण पहिल्या मिनिटाला बोलत नाही.

कमरेला पँटशी जोडणारी चेन असेल तर ती खरोखर लावावी. ती नसेल तर घसरताना जॅकेट वर सरकते आणि कातडी उघडी पडते.

लांबपल्ला

हे वाचून मी घरातले जुने जॅकेट घालून पाहिले आणि त्याचे कोपराचे पॅडही फिरते असे आढळले. आणखी एक शंका: तिन्ही जॅकेटांत पाठीला 'पॅड' आहे, पण हातात घेतल्यावर ते साध्या स्पंजासारखे लागते.

साक्षेपी

ते स्पंजच असते. ईएन १७०९२ मध्ये जॅकेटासाठी खांदा आणि कोपर यांची पॅड आवश्यक आहेत, पाठीची नाहीत. त्यामुळे अनेक उत्पादक पाठीचा खिसा तेवढा देतात आणि तो रिकामा दिसू नये म्हणून फोमचा तुकडा घालतात. पॅडवर मानकाचा क्रमांक छापलेला नसेल तर त्याला पॅड म्हणू नये. पाठीसाठी ईएन १६२१-२ असे छापलेले वेगळे पॅड घ्या आणि लेव्हल पाहा. ५० जूलच्या आघातानंतर पॅडमधून आत पोहोचणारे सरासरी बल लेव्हल १ मध्ये १८ किलोन्यूटनपर्यंत चालते, लेव्हल २ मध्ये ९ पर्यंतच. खांदा-कोपरासाठी हेच आकडे ३५ आणि २० आहेत. त्याखेरीज 'टी+' आणि 'टी-' अशी चिन्हे असतील तर ते पॅड अनुक्रमे ४० अंश आणि उणे १० अंशांवरही तपासलेले आहे. ही चाचणी ऐच्छिक असते, पण काही मऊ पॅड थंडीत कडक होतात आणि उन्हात फारच ढिली पडतात, म्हणून प्रवाशाने ही चिन्हे असलेलीच घ्यावीत.

पुढे कधी एअरबॅगची बंडी आतून घालायचा विचार असेल तर फुगायला जागा लागते आणि ती किती लागते हे बंडीच्या माहितीपत्रकात दिलेले असते. घट्ट जॅकेटात ती फुगली तर बरगड्यांवर दाब येतो. टाचणी यांनी सांगितलेले घट्ट माप आणि ही जागा यांत खरा विरोध आहे, म्हणून बंडी आधी ठरवा आणि ती घालूनच जॅकेट निवडा, किंवा जॅकेटावरून घालायची बंडी घ्या.

दुहेरी टीप

धुण्याबद्दल कोणी विचारले नाही तरी सांगतो, कारण निम्मी जॅकेटे रस्त्यावर नव्हे तर धुलाई यंत्रात मरतात. आधी सगळी पॅड काढावीत, चेन आणि वेल्क्रो बंद करावेत, सौम्य द्रव साबण वापरावा आणि कपडे मऊ करणारे द्रावण मुळीच घालू नये, कारण त्याने पाणी झटकणारा लेप निकामी होतो. लेबलावर परवानगी असेल तर मंद उष्णतेवर वाळवल्यास तो लेप थोडाफार पुन्हा जागा होतो. चमकदार पिवळा-नारिंगी रंग उन्हाने उडतो, म्हणून जॅकेट गच्चीवर वाळत घालून विसरू नये. आणि एकदा पडलेले जॅकेट, वरून कितीही बरे दिसत असले तरी, उलटे करून शिवण तपासल्याशिवाय पुन्हा घालू नये.

लांबपल्ला

काल तिन्ही जॅकेटे माझ्या मोटारसायकलवर बसून पाहिली. अक्षर नसलेले जॅकेट पहिल्या प्रतिसादानंतरच यादीतून गेले होते; त्याच्या कोपरावरून शिवणही जात होती. राहिलेल्या दोनपैकी लॅमिनेटचे कापड आणि शिवण दोन्ही उत्तम होते, पण हात पुढे नेले की बाही मनगटापासून चार बोटे वर जायची, आणि मोठ्या मापात कोपराचे पॅड फिरायचे. दोन मापांच्या मधला माणूस असण्याचा हा तोटा. उरलेले मिश्र जाळीचे जॅकेट एए वर्गाचे आहे, आवळपट्टे लावल्यावर पॅड जागचे हलत नाही, आणि खांद्यावर सलग कापड आहे, म्हणून तेच घेतले. वर्षभर एकावर निभावण्याचा हट्ट सोडला. थंडीसाठी आतून वारा अडवणारा पातळ थर आणि पावसासाठी भडक पिवळा सूट घेईन. 'थोडे पुढे जाऊन घालू' ही सवय मोडण्याची जबाबदारी माझी.

एकच अडचण उरली आहे. लेव्हल २ चे पाठीचे पॅड आणले, ते खिशापेक्षा रुंदीला दोन सेंटिमीटर अधिक आहे. कडेने कापून बसवले तर चालेल का?

साक्षेपी

कापू नका. चाचणी अख्ख्या पॅडची झालेली असते. कापलेल्या पॅडवर छापलेला क्रमांक खोटा ठरतो. खिशाचे माप घेऊन परत जा आणि पॅड बदलून आणा.

दुहेरी टीप

किंवा खिसा उसवून मोठा करता येईल, बाहेरच्या कापडाला हात न लावता. अस्तरातले काम आहे, अर्ध्या तासाचे. मात्र जॅकेट परत करण्याची मुदत संपेपर्यंत थांबा.